गालाच्या सायनसमधली 'सिस्ट' : रिपोर्टमध्ये 'अस्तर आढळले नाही' लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

आडतकट्टा
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही सांगलीचे. मार्केट यार्डात हळदीची आडत आहे. सौदे आणि वह्या मी बघतो, पॉलिशचं युनिट थोरला भाऊ बघतो. दादाचं वय ५२. वर्षभर त्याचं उजव्या बाजूचं नाक चोंदलेलं, गालात जडपणा, पोतं बघायला खाली वाकला की डोळ्याखाली ठणका. सीटी काढला तर उजव्या गालाचं सायनस जवळजवळ भरलेलं. शेरा : मोठी रिटेन्शन सिस्ट. नाकातून दुर्बीण घालून ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, फोडल्यावर पिवळसर पाणी आलं, पिशवी काढून तपासायला पाठवली आहे.

तो कागद आता हातात आहे. मराठीत उतरवतो : सूज असलेल्या तंतुमय ऊतीचे तुकडे, त्यात लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी. एका पृष्ठभागावर श्वसनमार्गाचं अस्तर. सिस्टचं स्वतंत्र अस्तर आढळले नाही. कर्करोगाची लक्षणे नाहीत.

यावरून घरात महाभारत चालू आहे. आमचे मेव्हणे म्हणतात, "अस्तरच नाही तर सिस्ट कसली? उगीच कापलं पोराला." जिथं ऑपरेशन झालं तिथं विचारायला गेलो तर "कॅन्सर नाही ना, मग झालं तर" एवढंच ऐकून परत आलो. कॅन्सर नाही याचा आनंद आहेच हो, पण काढलं काय ते तरी कळू दे.

त्यात भर म्हणजे गेल्या महिन्यात माझ्या अक्कलदाढेसाठी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, तो ओपीजी म्हणतात तो, काढला. त्यात माझ्याही डाव्या सायनसच्या तळाला एक छोटा घुमट दिसतोय. मला त्रास काहीच नाही. पण दोघं भाऊ, दोघंही जन्मभर हळदीच्या धुळीत. धुळीनं होतं का हे? का घराण्यातच आहे?


कासपठार
रविवार, रात्री १०:०५

वाफ घ्या, जलनेती करा. हळद-दूध सांगणार होतो, पण हळदवाल्याला ते काय सांगायचं :)


बेदाणा_७७
रविवार, रात्री १०:३१

घाबरवत नाही, पण २०२१ मध्ये आमच्या तासगावच्या एका नातेवाइकाचं असंच गाल दुखण्यापासून सुरू झालं आणि ब्लॅक फंगस निघालं. पुन्हा एकदा दाखवून घ्या.


कासपठार
रविवार, रात्री १०:३८

@बेदाणा_७७, घाबरवत नाही म्हणून घाबरवताय की. वर स्पष्ट लिहिलंय काय सापडलं ते.


स्लाइडखाली
सोमवार, सकाळी ७:१५

मी मिरजेत पॅथॉलॉजीत काम करते. मूळ कागद आणि स्लाइड पाहिलेली नाही, तुम्ही लिहिलंय त्यावरून बोलते. आधी बेदाणा यांचं : म्युकरमध्ये, म्हणजे त्या ब्लॅक फंगसमध्ये, ऊती मेलेल्या दिसतात आणि त्यात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतसुद्धा, बुरशीचे रुंद धागे घुसलेले असतात. वर्षभर नुसतं चोंदलेलं नाक आणि फोडल्यावर पिवळं पाणी, हे त्याचं चित्र नव्हे. तो विषय इथेच संपवू.

आता मेव्हण्यांचा मुद्दा. त्यांनी बोट बरोबर जागी ठेवलंय, अर्थ मात्र उलटा लावलाय. 'अस्तर आढळले नाही' ही रिपोर्टमधली उणीव नाही. निदान त्या तीन शब्दांतच आहे.

गालाचं सायनस म्हणजे डोळ्याखालची, दाढांवरची हाडातली पोकळी. मोठ्या माणसात तिच्यात साधारण १५ मिलिलिटर हवा मावते. भिंत हाडाची. हाडाला घट्ट चिकटलेलं एक पातळ आवरण. त्यावर सैल तंतुमय थर, त्यात बारीक रक्तवाहिन्या आणि पातळ व चिकट असा दोन्ही तऱ्हेचा स्राव करणाऱ्या ग्रंथी. या ग्रंथींच्या नळ्या वर उघडतात. आणि सगळ्यात वर उंच पेशींचं अस्तर. या पेशींची केंद्रकं खालीवर असल्यामुळे स्लाइडवर चार-पाच थर आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात सगळ्या पेशी एकाच बैठकीवर उभ्या असतात, यात्रेतल्या गर्दीत डोकी खालीवर दिसावीत तशा. त्यांच्या माथ्यावर हलणारे सूक्ष्म केस, आणि मध्येमध्ये शेंबूड तयार करणाऱ्या पेल्याच्या आकाराच्या पेशी. निरोगी माणसात हा सगळा पडदा सहसा एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून पातळ.

आता यात पाणी साठणार कुठे? दोन जागा.

एखाद्या ग्रंथीची नळी बुजली तर स्राव नळीतच साठतो आणि नळी फुगते. अशा पिशवीला आतून नळीच्याच पेशींचं अस्तर असतं, फक्त दाबानं चपटं झालेलं. ही खरी रिटेन्शन सिस्ट. ही बहुतेक वेळा लहान असते, एक्स-रेत कळतही नाही.

दुसरी तऱ्हा अशी की दाहामुळे रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं पाणी त्या सैल थरातच साठत जातं आणि वरचा पडदा घुमटासारखा उचलला जातो. इथे पिशवी अशी नसतेच. पाण्याभोवती असते ती नुसती तंतुमय ऊती. घुमटाच्या बाहेरच्या अंगाला सायनसचं नेहमीचं अस्तर, आतल्या अंगाला काही नाही. म्हणून तिला आभासी सिस्ट किंवा स्यूडोसिस्ट म्हणतात. १९८४ मध्ये गार्डनर यांनी या दोहोंमधला फरक नीट मांडला. एक्स-रेवर दिसणारे बहुतेक घुमट या दुसऱ्या जातीचे.

मग सीटीवाल्यांनी रिटेन्शन सिस्ट का लिहिलं? कारण सीटीला अस्तर दिसत नाही. गोल कड, एकसारखी करडी छाया, एवढंच दिसतं. त्याला रिटेन्शन सिस्ट म्हणायची रीत पडून गेली आहे.


शंकेखोर
सोमवार, सकाळी ९:०२

ताई, छान समजावलंत. पण तुकडे म्हणताय. तुकड्यात आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली हे कसं ठरवलं? कदाचित अस्तर होतं आणि ओढताना गेलं.


स्लाइडखाली
सोमवार, दुपारी १:२०

@शंकेखोर, नावाला जागलात. ही अडचण खरी आहे. सर्जननं फोडून बाहेर ओढेपर्यंत त्या घुमटाचा फुटका फुगा झालेला असतो. आमच्याकडे बाटलीत येतात त्या फॉर्मॅलिनमधल्या चार-पाच मळकट चिंध्या. मेणात बसवताना त्या वेड्यावाकड्या बसतात. ज्या बाजूला केसाळ पेशी दिसतात ती सायनसकडची, एवढं धरून चालायचं आणि विरुद्ध बाजू शोधायची. म्हणून चांगला पॅथॉलॉजिस्ट 'अस्तर नव्हते' असं लिहीत नाही, 'आढळले नाही' लिहितो. त्या क्रियापदात फार सावधपणा आहे.

पण इथे तीन गोष्टी एका दिशेला जातात. आकार मोठा, पाणी पातळ पिवळं, चिकट नव्हे, आणि भिंतीत सूज व जुनाट दाहाच्या पेशी. मी तरी स्यूडोसिस्टच म्हणेन.


हरिपूरचा_पार
सोमवार, दुपारी ३:४५

भावा आडतकट्टा, तुला तर हे पटकन कळायला पाहिजे. सायनस म्हणजे आपलं पेव! तोंड वर आणि बारीक, पोट खाली आणि रुंद. आणि ताई सांगतायत ती दुसरी सिस्ट म्हणजे २०१९ च्या पुरानंतर आमच्या भिंतीला आले होते तसले फुगे. गिलाव्याच्या मागं पाणी. बाहेरून रंग जसाच्या तसा, आणि बोटानं दाबलं की भसकन आत.

बाकीच्यांसाठी : पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं खोल कोठार. हरिपूर, सांगलवाडीला होती. २००५ च्या पुरानं बरीच वाट लावली.


स्लाइडखाली
सोमवार, सायंकाळी ६:१०

@हरिपूरचा_पार, गिलाव्याचा फुगा मी आता विद्यार्थ्यांना सांगणार!

पेवाचंही चालेल, पण एका जागी ते उलटं आहे. पेवाचं तोंड बंद केलं, आत हवा राहिली नाही, की हळद टिकते. सायनसचं तोंड बंद झालं की सगळं बिघडतं. हे तोंड नाकाच्या बाजूला, वरच्या अंगाला असतं, म्हणजे तळातला शेंबूड आपोआप वाहून जाऊच शकत नाही. ते सूक्ष्म केस तो रात्रंदिवस चढावर ढकलत त्या तोंडाकडे नेतात. तोंड कायमचं बुजलं आणि पूर्ण सायनसच शेंबडानं भरून फुगायला लागलं तर त्याला म्युकोसील म्हणतात. त्यात अस्तर असतं, सायनसचं स्वतःचंच, आणि दाबानं हाड झिजतं, डोळा वर सरकू शकतो. ते मात्र थांबून बघण्याचं प्रकरण नाही. गालाच्या सायनसमध्ये ते कमी, कपाळाच्या सायनसमध्ये जास्त दिसतं.

ओठाखालून चीर देऊन सायनस साफ करायची जुनी पद्धत होती, कॉल्डवेल-ल्यूक नावाची. तिच्यानंतर कित्येक वर्षांनी जखमेत अडकलेल्या अस्तराचीच सिस्ट झाल्याचीही उदाहरणं आहेत, जपानमधून पुष्कळ. दादाचं असं काही पूर्वी झालं नसणार, म्हणून ते सोडून देऊ.


आडतकट्टा
सोमवार, रात्री ९:५५

ताई, काय बोलू. दहा दिवसांत कुणी एवढं बोललं नव्हतं. मेव्हण्यांना वाचून दाखवलं. "हं" म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप.

पण धुळीचं राहिलं. दादाच्या युनिटमध्ये ड्रम फिरायला लागला की समोरचा माणूस दिसत नाही. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल पिवळा. गिलाव्यामागं पाणी मुरलं हे कळलं, पण गळती कुठली?


स्लाइडखाली
मंगळवार, सकाळी ७:३०

धुळीनं नाक चुरचुरतं, अस्तर सुजतं, दमेकऱ्याला त्रास वाढतो, हे सगळं खरं. मास्क आजपासून लावा, त्यासाठी सिस्टची वाट बघायला नको. पण असे घुमट कुठल्याही धुळीत न गेलेल्या माणसांतही भरपूर सापडतात, तेही दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत. ॲलर्जीशी संबंध आहे की नाही यावर अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आणि नाकातल्या ॲलर्जीच्या कोंबांत (पॉलिप म्हणतात ते) इओसिनोफिल नावाच्या गुलाबी दाणेदार पेशी पुष्कळ दिसतात. तुमच्या कागदात त्यांचं नाव नाही. लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी म्हणजे काहीतरी जुनं, धुमसत राहिलेलं.

घराण्यातलं म्हणाल तर मुळात गोष्टच इतकी सर्रास आहे की दोन भावांना सापडली यात नवल नाही.

'जुनं, धुमसत राहिलेलं' कुठे असेल, ते सांगायला मी चुकीची माणूस आहे. इथे कुणी दंतवैद्य आहे का?


चौथी_नळी
मंगळवार, रात्री ११:२०

आहे. उशीर झाला, सोमवार-मंगळवार इस्लामपूरच्या दवाखान्यात असतो.

दादांच्या उजव्या वरच्या दाढांबद्दल धाग्यात कुणी एक अक्षर विचारलेलं नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतंय. सायनसचा तळ म्हणजे दाढांच्या मुळांचं छप्पर. दुसऱ्या मोठ्या दाढेची मुळं सगळ्यात जवळ, पहिलीची त्यानंतर. मध्ये कधी कागदाएवढं हाड, कधी तेही नाही. दाढ आतून मेली, मुळाच्या टोकाशी जंतू साठले, की त्याची धग थेट वरच्या पडद्याला लागते. पडदा सुजतो, झिरपायला लागतो. दाढ मात्र दुखेलच असं नाही. मेलेली दाढ थंड-गरमला ओरडत नाही ना!

ही जवळीक जुनीच आहे. इंग्लंडच्या नॅथॅनियल हायमोरनं १६५१ मध्ये या पोकळीचं वर्णन केलं, म्हणून तिला हायमोरची पोकळी म्हणायचे. त्याच्या वर्णनातली रोगीण सुळा काढल्यावर सायनस उघडी पडलेलीच होती.

अजून एक, आडतकट्टा तुमच्या स्वतःच्या ओपीजीसाठी. दाढेपासून होणाऱ्या सिस्ट वेगळ्या. त्या सायनसमध्ये नसतात, जबड्याच्या हाडात वाढतात आणि सायनसचा तळ वर ढकलत नेतात. म्हणून त्यांच्या डोक्यावर हाडाची पांढरी बारीक रेघ दिसते. तुमच्या घुमटावर तशी रेघ आहे का बघा. नसेल, आणि तळाची रेघ त्याच्या खाली सरळ जात असेल, तर तो पडद्याचा घुमट.

स्लाइडखाली ताई, या हाडातल्या सिस्टचं अस्तर तुम्हीच सांगा, माझी परीक्षा होऊन बरीच वर्षं झाली.


स्लाइडखाली
बुधवार, सकाळी ७:०५

दोन ओळीत सांगते. मेलेल्या दाढेच्या मुळाशी होते ती रॅडिक्युलर सिस्ट. मूळ तयार होताना मागे राहिलेल्या, मालासेझच्या म्हणतात त्या, पेशींच्या पुंजक्यांना दाहानं जाग येते आणि त्या वाढतात. अस्तर चपट्या पेशींच्या थरांचं, भिंतीत बऱ्याचदा कोलेस्टेरॉलच्या सुयांनी सोडलेल्या फटी. न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवती होते ती डेंटिजेरस, अस्तर दोन-तीन पेशींचं, अगदी साधं. आणि तिसरी केराटोसिस्ट, तिचं अस्तर मला तरी देखणं वाटतं : सहा ते आठ पेशींची जाडी, खालची रांग कुंपणाच्या खुंट्यांसारखी उभी, वर केराटिनचा नागमोडी थर. देखणी पण चिवट. नीट काढली नाही तर परत येते.

म्हणूनच 'सिस्ट' या एका शब्दावर कुणी निश्चिंतही होऊ नये आणि घाबरूही नये. अस्तर काय आहे ते विचारावं.


आडतकट्टा
बुधवार, दुपारी २:४०

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत आणि मी दादाला फोन लावला. उजवीकडची वरची पहिली मोठी दाढ. आठ-नऊ वर्षांपूर्वी रूट कॅनाल करून टोपी बसवलेली. म्हणतो, "ती तर माझी सगळ्यात चांगली दाढ, ऊस तिनंच सोलतो."

माझ्या फोटोत घुमटाच्या डोक्यावर रेघ नाही. तळाची रेघ खालून सरळ जाते.


चौथी_नळी
बुधवार, रात्री १०:५०

तुमचं सोडून द्या. दाढा तपासून घ्या आणि वर्षभरानं परत एक फोटो. पुष्कळ घुमट आहेत तसेच राहतात, काही आपोआप ओसरतात.

दादांच्या त्या टोपीखालच्या दाढेचा मात्र सीबीसीटी, म्हणजे दात-जबड्याचा त्रिमितीय सीटी, काढा. माझं सदस्यनाम उगीच नाही. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन असली तरी त्यांच्या आतल्या नळ्या बहुधा चार असतात, आणि ती चौथी बारीक असल्यामुळे राहून जाते. साध्या एक्स-रेत ती सहसा दिसत नाही.


शंकेखोर
गुरुवार, सकाळी ८:४५

म्हणजे ऑपरेशनच नको होतं? दाढेवर भागलं असतं?


स्लाइडखाली
गुरुवार, दुपारी १:३०

तसं म्हणणार नाही. वर्षभर नाक बंद, सायनस भरलेलं, एकाच बाजूला. एकाच बाजूचा त्रास असला की आत काय आहे ते डोळ्यांनी बघून तुकडा तपासावाच लागतो. एकतर्फी छाया दर वेळी निरुपद्रवी नसते. पिशवी निघाली, कर्करोग नाही हे कळलं, तोंड मोकळं झालं. पण ज्या दिवशी सीटी झाला त्याच दिवशी दाढेकडे बघायला हवं होतं, एवढं मान्य. सीटीत दाढेची मुळं दिसतातच, बघणाऱ्याची नजर वरच राहते.


विट्याची_सून
गुरुवार, दुपारी ४:१५

आमच्या सासूबाईंना वरची दाढ स्क्रूवाली बसवायची आहे. डॉक्टर म्हणाले, सायनसमध्ये सिस्ट आहे, आधी ईएनटीला दाखवा. ते का?


चौथी_नळी
गुरुवार, रात्री ११:०५

हाड कमी असेल तर सायनसचा पडदा अलगद उचलून खाली हाडाची भुकटी भरतात. त्या पडद्यातच घुमट असेल तर तो आणखी वर सरकून सायनसचं तोंड अडवू शकतो, किंवा पडदा फाटू शकतो. लहान असेल तर बरेच जण तसंच करतात, मोठा असेल तर आधी पाणी काढतात. डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय, चिडू नका त्यांच्यावर.


आडतकट्टा
अडीच महिन्यांनंतर, शनिवार, रात्री ९:२०

धागा वर काढतोय, कारण अर्धवट सोडलेले धागे मलाही आवडत नाहीत.

दादाचा सीबीसीटी झाला. टोपीखालच्या दाढेत चौथी नळी भरलेलीच नव्हती. मुळाच्या टोकाशी मुगाएवढी काळी जागा, आणि तिच्यावरचा सायनसचा तळ एका ठिकाणी नाहीसा. टोपी काढून रूट कॅनाल पुन्हा केलं, तीन खेपा झाल्या. नाक मोकळं आहे, ठणका नाही. सहा महिन्यांनी परत फोटो काढायचाय, तोवर डॉक्टर काही छातीठोकपणे बोलायला तयार नाहीत आणि मलाही ते बरं वाटलं.

ऊस सध्या डावीकडून.

पॉलिश युनिटला धूळ ओढणारा पंखा बसवला. त्याचा सिस्टशी संबंध नाही हे कळूनसुद्धा.

मेव्हणे आता म्हणतात, "मी म्हटलं नव्हतं, आधी मुळाशी जा म्हणून?" असं ते कधीही म्हणाले नव्हते.


स्लाइडखाली
रविवार, सकाळी ७:४०

वा! एक काम करा. त्या लॅबमधून दादांची स्लाइड आणि मेणाचा ठोकळा कुठे ठेवलाय ते विचारून नंबर लिहून घ्या. पुढे कधी परत भरलंच तर जुनं-नवं शेजारी ठेवून बघता येतं.


हरिपूरचा_पार
रविवार, सकाळी १०:१०

बरं झालं. आता सांग, राजापुरीचा आजचा भाव काय निघाला?


आडतकट्टा
रविवार, सकाळी १०:१२

आज रविवार आहे रे, सौदे बंद. उद्या वेगळा धागा काढ.